घोडा मेला तर भरपाई कोण देई?

वर एका प्रतिसादात म्हटलंय की इंग्लिश नाइटचा (चिलखती घोडेस्वार योद्ध्याचा) घोडा लढाईत मेला की नुकसान त्याच्या एकट्याचं. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या काळात तरी तसं नव्हतं. राजाकडून पगार घेणाऱ्यांचे घोडे मोहिमेआधी तपासले जात. मालकाचं नाव, घोड्याचा रंग, खुणा आणि ठरलेली किंमत यादीत चढे. घोडा कामी आला की तेवढी रक्कम राजा देई. १२९८च्या, स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कच्या लढाईच्या याद्या आजही आहेत. 'अमक्याचा काळा घोडा', किंमत आणि पुढे लॅटिनमध्ये 'फॉलकर्कला मारला गेला'. लढाईच्या साऱ्या वर्णनांपेक्षा ही एक ओळ मला जास्त हलवते. त्या घोड्याबद्दल जगात एवढंच काय ते उरलंय!

ही भरपाई म्हणजे उपकार नव्हता. नाइटला रोज २ शिलिंग मिळत (२० शिलिंगांचा एक पौंड), म्हणजे १० पौंडांचा घोडा हा शंभर दिवसांचा पगार. एवढी जोखीम अंगावर घेऊन भाल्यांच्या भिंतीवर घोडा कोण घालेल?

पुढे फ्रान्समधल्या क्रेसीच्या लढाईत (१३४६) इंग्लिश नाइट घोड्यावरून उतरून पायी लढले. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही भरपाईही बंद झाली.