बंदुकीच्या वादात कोच, नट, दुकानदार, डॉक्टर यांनी पडावं का?

मेघमल्हार:
बास्केटबॉल कोच स्टीव्ह करचा जुना व्हिडिओ परवा पुन्हा समोर आला. २४ मे २०२२, टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेत गोळीबारात १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या तो दिवस. त्या संध्याकाळी मॅच होती, पण आज बास्केटबॉलवर बोलणार नाही असं सांगून तो टेबलावर हात आपटत सिनेटरांना जाब विचारत होता. नवऱ्याचं म्हणणं, कोचने कोचिंग करावं. मला ते पटत नाही, पण शंका आहेच. नट, खेळाडू, दुकानं, डॉक्टरांच्या संघटना कुठल्या ना कुठल्या बाजूने उभ्या राहतात. त्याने कधी काही हललंय का? अमेरिकेत राहणाऱ्यांनी सांगा.

आडवाट:
फारसं नाही. नट दुसऱ्या बाजूलाही होतेच. चार्ल्टन हेस्टन १९९८ ते २००३ बंदूकधारकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशनचा अध्यक्ष होता. सँडी हूक शाळेतल्या गोळीबारानंतर आख्खा देश हळहळला, स्वतः गोळी झेललेल्या माजी खासदार गॅबी गिफर्ड्स प्रचारात उतरल्या, तरी एप्रिल २०१३ मध्ये खरेदीदाराची तपासणी वाढवण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये अडला. बाजूने ५४, विरोधात ४६, आणि लागत होती ६०.

रातपाळी:
मेघमल्हार, नवऱ्याला एवढंच सांगा की करचे वडील बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि १९८४ मध्ये त्यांना तिथेच ऑफिसबाहेर गोळ्या घातल्या. तो माणूस त्या दिवशी कोच म्हणून बोलत नव्हता.

मी ट्रॉमा सेंटरला नर्स आहे, बहुतेक रात्रपाळ्या. त्यामुळे माझी बाजू ठरलेली आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात रायफल असोसिएशनने ट्विट केलं, की बंदुकीविरुद्ध बोलणाऱ्या या अतिशहाण्या डॉक्टरांना कोणीतरी आपापल्या लेनमध्ये राहायला, म्हणजे आपल्या कामापुरतं बोलायला सांगा. निमित्त होतं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने बंदुकीच्या प्रश्नावर नुकतीच मांडलेली भूमिका. त्याच रात्री कॅलिफोर्नियात थाउजंड ओक्सच्या बारमध्ये गोळीबारात १२ जणांचा बळी गेला. मग देशभरातले सर्जन रक्ताने भिजलेल्या स्क्रब्जचे फोटो टाकू लागले, ही बघा आमची लेन म्हणून. त्यात जोसेफ साक्रान पुढे होते. १७ वर्षांचे असताना त्यांच्या गळ्यात गोळी लागली होती, पुढे ते स्वतः ट्रॉमा सर्जन झाले.

आमची लेन कशी असते सांगते. गोळी लागलेला पेशंट आला की कपडे कात्रीने कापतो, पण गोळीच्या भोकातून कात्री न्यायची नाही, भोक शाबूत ठेवून बाजूने कापायचं. कपडे कागदी पिशवीत, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. एकीकडे रक्त चढवणं चालू असतं, दुसरीकडे पिशवीवर वेळ आणि सही. एका आईने मला बाहेर विचारलं होतं, त्याचे बूट मिळतील का? पोलिसांकडे गेले, म्हणून सांगावं लागलं. आणि यावर आम्ही मत द्यायचं नाही?

फ्लोरिडाने तर २०११ मध्ये कायदाच केला, की डॉक्टरांनी पेशंटला घरात बंदूक आहे का हे कारणाशिवाय विचारायचं नाही. अपील कोर्टाने २०१७ मध्ये ती बंदी उडवली, ते बरंच झालं. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. त्या एका प्रश्नाने माणूस वाचू शकतो.

आता हलतं का? आडवाट म्हणतात तितकं चित्र वाईट नाही, पण वेळ फार लागतो. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनना गोळी लागली, त्यांचे प्रेस सेक्रेटरी जिम ब्रेडी कायमचे अपंग झाले. रेगन स्वतः रायफल असोसिएशनचे सदस्य. पद सोडल्यावर, १९९१ मध्ये, त्यांनी बंदूक खरेदीदाराच्या तपासणीच्या ब्रेडी विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला आणि कायदा १९९३ मध्ये झाला. पदावर असताना बोलले असते तर! आणि खेळाच्या सामानाच्या दुकानांची साखळी डिक्स स्पोर्टिंग गुड्सचा एड स्टॅक. फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत गोळीबारात १७ जण गेल्यावर त्याने असॉल्ट पद्धतीच्या रायफली विकणं बंद केलं, उरलेला सुमारे ५० लाख डॉलरचा माल कंपनीला परत न पाठवता नष्ट केला. विक्रीला २५ कोटी डॉलरच्या आसपास फटका बसल्याचं त्यानेच सांगितलं. मी अशांना मानते, ज्यांनी पदरमोड केली.

उत्तरवारा:
ताई, तुमच्या कामाला नमस्कार. मी टेक्सासमध्ये राहतो, घरात बंदूक आहे. स्टॅकने काय विकावं हा त्याचा हक्क. माझा आक्षेप सरकारी खुर्चीवरून बाजू घेण्याला आहे. न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्याने विमा कंपन्यांवर दबाव आणून रायफल असोसिएशनशी संबंध तोडायला लावले, असा खटला होता. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो चालवायला हिरवा कंदील दिला. असोसिएशनचं वकीलपत्र एसीएलयू या नागरी हक्कांच्या संघटनेने घेतलं होतं, हे विशेष. आणि २०१८ मध्ये डेल्टा विमान कंपनीने असोसिएशनच्या सदस्यांची सवलत काढली म्हणून जॉर्जियाच्या आमदारांनी विमान इंधनावरची करमाफी रोखली, तेही माझ्या मते तितकंच चूक.

मेघमल्हार:
हे दोन्ही माहीत नव्हतं. एक विचारू? मुलीला मैत्रिणीकडे खेळायला पाठवताना मी बंदुकीचं विचारायला कचरते. तुम्हाला कोणी विचारलं तर राग येतो का?

उत्तरवारा:
अजिबात नाही. बंदूक तिजोरीत, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि मुलं यायच्या आधी दोन्ही कुलपं बघतो. खुशाल विचारा. ज्याला राग येईल त्याच्याकडे पाठवूच नका.