बुश बदलून भागत नसेल तर माउंटिंग तपासा

गाडीच्या गिअर केबलचा बुश (केबलचं टोक लिव्हरवर बसवणारा प्लास्टिकचा तुकडा) तीनदा बदलूनही गिअरबॉक्सवरच्या लिव्हरमधून केबल निसटत असेल, तर दोष बहुधा बुशात नाही. आधी इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनला धरून ठेवणारे रबरी आधार बघा. रबर फाटलेलं असेल तर क्लच सोडताना इंजिन जास्त हलतं, केबलला दर वेळी हिसका बसतो आणि प्लास्टिकचा बुश फाकतो. बरेच मेकॅनिक नेमकं हेच बघत नाहीत!

मग लिव्हरवरचा बॉल, ज्यावर बुश बसतो, तो बघा. त्यावर गंज असेल तर नवा बुश आतून खरवडला जातो. बारीक पॉलिश पेपरने घासा. खाच पडली असेल तर लिव्हरच बदला. केबलची दोन्ही टोकं सोडवून आतली तार हाताने ओढून पाहा. अडखळली तर केबल नवीनच टाका.

क्लच पूर्ण सुटत नसेल तर गिअर दामटून टाकावा लागतो आणि ताण बुशवर येतो, तेव्हा तोही तपासा. बुशला सिलिकॉन ग्रीस लावा. झिप टायने (प्लास्टिकच्या पट्टीने) केबल बांधणं फक्त गॅरेजपर्यंत पोचण्यापुरतं.