आजोबांच्या चोपडीतला इसवण आणि १९६९ची राष्ट्रपती निवडणूक

डिचोलीची नात:

पावसाआधी घराचे नळे परतायचे म्हणून माळ्यावरचं सगळं खाली काढलं, तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या दुकानाच्या चोपड्या सापडल्या. डिचोलीच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं. हिशेबाला चोख, पण उधारीच्या ओळींत मध्येच जगाच्या बातम्या घुसडायची सवय. १९६९च्या चोपडीत १९ जुलैला "१४ बँका सरकारच्या झाल्या" आणि दोन दिवसांनी "चंद्रावर माणूस उतरला. खोबरेल २ बाटल्या, पैसे नाहीत." चंद्रावर उतरलेल्यानेच खोबरेल उधार नेलं असं वाटतं वाचताना.

मला अडली ती २० ऑगस्टची नोंद. जशीच्या तशी देते:

"गिरी ४,२०,०७७. रेड्डी ४,०५,४२७. देशमुखांनी उचलला तरी पडला. आपल्यांनीच पाडला. इसवण देणे १."

खाली बारीक अक्षरात: "आमच्या आमदारांस मत नाही. शिंक्रे व सिक्वेरा, बस्स."

व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले एवढं शाळेत घोकलं होतं. पण हे देशमुख कोण? हरलेला माणूस दुसऱ्याला उचलतो कसा? 'आपल्यांनीच' म्हणजे कुणी? आजोबा काँग्रेसचे होते. सगळा शेजार भाऊसाहेब बांदोडकरांच्या मगो पक्षाच्या सिंहावर शिक्का मारत असताना आमच्या घरात हे अवघड जागेचं दुखणंच होतं म्हणे. आणि किराणा दुकानाच्या चोपडीत इसवण काय करतोय? आजीला विचारलं तर नुसती हसते. एवढंच म्हणाली, "त्या इसवणापायीं दोगांय म्हयने म्हयने उलयनासले." (म्हणजे दोघे महिनोन् महिने बोलत नव्हते.) दोघे म्हणजे कोण, तेही धड सांगत नाही.

कुणी तरी समजावून सांगा. 'इंटरनेटवर शोध' असं सांगणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

घाईतला पणजीकार:

इंदिरा गांधींनी 'अंतरात्म्याच्या आवाजा'ने मत द्या म्हणून सांगितलं आणि स्वतःच्याच पक्षाचा उमेदवार पाडला. पक्ष फुटला. संपलं. इसवण म्हणजे सुरमई, हे तरी माहीत असेल.

जुना म्हापसेकर:

संपलं कसं? इथे तर सुरू होतं.

बाय, मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. म्हापशात मामाचं सलून होतं, संध्याकाळी तिथे जाऊन बसायचो. केस कापायला नव्हे, रेडिओ ऐकायला. दोन खुर्च्या आणि एक बाकडं, आणि बाकड्यावर दोन काँग्रेसवाले. म्हापशात तेव्हा काँग्रेसवाले मोजायला एका हाताची बोटं पुरायची, त्यातले दोन मामाकडे. मे महिन्यापर्यंत ते एकाच कपातला चहा अर्धा अर्धा प्यायचे. ऑगस्टमध्ये एक जण आत आला की दुसरा उठून जायचा. तुझ्या आजोबांची ओळ वाचली आणि ते बाकडं डोळ्यांपुढे आलं.

३ मे १९६९ला राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले. पदावर असताना गेलेले ते पहिले. उपराष्ट्रपती गिरी काम बघू लागले. पुढचा राष्ट्रपती कोण, यावर जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. पक्षातली जुनी खोडं, ज्यांना वर्तमानपत्रवाले 'सिंडिकेट' म्हणत, म्हणजे कामराज, निजलिंगप्पा, स. का. पाटील, अतुल्य घोष, यांना हवे होते नीलम संजीव रेड्डी. इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचं नाव पुढे केलं. मंडळात चार विरुद्ध दोन झालं आणि पंतप्रधान हरल्या.

आता रेड्डी काही उपरा माणूस नव्हता. आंध्रचे मुख्यमंत्री, एकेकाळचे पक्षाध्यक्ष, त्या वेळचे लोकसभेचे सभापती. त्यांच्यात खोट होती म्हणून वाद झाला असं कुणी सांगितलं तर हसून सोडून दे. वाद 'नाव कुणी ठरवायचं' याचा होता. ज्यांनी बाईंना गादीवर बसवलं, त्यांना वाटलं दोरी आपल्याच हातात राहणार. बाईंना वाटलं, राष्ट्रपती भवनात यांचा माणूस बसला की उद्या आपल्यालाच घरी पाठवतील.

बंगळूरहून परतल्यावर त्यांनी काय केलं बघ. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थखातं काढून घेतलं, मोरारजींनी राजीनामा दिला. १९ला तुझ्या आजोबांच्या त्या १४ बँका. इकडे रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून सहीही केली. आणि गिरी राजीनामा देऊन अपक्ष उभे राहिले! मामा वस्तरा थांबवून म्हणाला होता, "पत्रिकेवर बाप म्हणून नाव छापायचं आणि मुलीला मागच्या दारानं सांगायचं, पळ." गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण तसाच होता.

सिंडिकेटनं मोठी चूक केली ती पुढे. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी चिंतामणराव देशमुखांना उभं केलं होतं. तुझ्या चोपडीतले देशमुख ते हे. निजलिंगप्पा त्या पक्षांच्या पुढाऱ्यांशी जाऊन बोलले, की पहिलं मत तुमच्या देशमुखांना द्या, दुसरं आमच्या रेड्डींना. झालं, बाईंच्या हातात कोलीत मिळालं. काँग्रेसचा अध्यक्ष उजव्यांशी हातमिळवणी करतो म्हटल्यावर पक्षादेश कशाला काढायचा? खासदार-आमदारांनी आपापल्या मनाला विचारावं. त्या दिवसापासून 'अंतरात्मा' हा शब्द मामाच्या सलूनमध्ये शिवीसारखा वापरला जाऊ लागला. कुणी उधारी बुडवली की, "याच्या अंतरात्म्यानं नको म्हटलं असणार."

मतदान १६ ऑगस्टला, मोजणी २०ला. चिठ्ठीवर १, २, ३ असे पसंतीचे आकडे घालायचे. पहिल्या फेरीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवेत ४,१८,१६९. कुणालाच तेवढे नाहीत. मग तळापासून एकेक उमेदवार बाद करत जायचं आणि त्याच्या चिठ्ठ्या पुढची पसंती बघून वाटायच्या. पंधरा उमेदवार होते, बरेचसे नावापुरते. शेवटी देशमुखांचा गठ्ठा फुटला तेव्हा रेड्डी भराभर चढले. सगळ्या वाटपात त्यांना ९१,८७९ मिळाले, गिरींना फक्त १८,५६२. पण गिरींना हवे होते १६,६५४! म्हणजे ज्या सौद्यापायी एवढी बदनामी झाली तो सौदा देशमुखवाल्यांनी पाळला होता. घरचे फुटले त्याला ते काय करणार? 'देशमुखांनी उचलला तरी पडला, आपल्यांनीच पाडला.' तुझ्या आजोबांनी अग्रलेख लिहायला हवे होते.

अंतर १४,६५० चं. एका खासदाराच्या मताचं मूल्य ५७६ होतं, त्याची एक चिठ्ठी ५७६ मतं म्हणून मोजली जायची. म्हणजे नुसते तेरा खासदार इकडचे तिकडे झाले असते तर रेड्डी राष्ट्रपती झाले असते. (झालेच पुढे, १९७७ला, बिनविरोध. पण तेव्हा मामाचं सलून राहिलं नव्हतं.)

इसवणाचं मला ठाऊक नाही. पण २० ऑगस्ट म्हणजे त्या वर्षी श्रावण. 'देणे' लिहिलंय, 'दिला' नाही, ते त्यामुळेच असेल. श्रावणात मासे कोण खातो?

फोंड्याची मास्तरीण:

काकांनी मुख्य गोष्ट सांगितलीच, मी तळटिपेतल्या शिंक्रे-सिक्वेरांचं बघते. दरवर्षी नववीच्या वर्गात एक तरी पोर विचारतं.

घटनेच्या ५४व्या कलमात राष्ट्रपती निवडणारे कोण, तर संसदेचे निवडून आलेले सदस्य आणि *राज्यांच्या* विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. १९६९ला आपण राज्य कुठे होतो? गोवा, दमण आणि दीव, संघप्रदेश. जानेवारी १९६७च्या जनमत कौलात लोकांनी फुलाऐवजी दोन पानांवर शिक्का मारला, महाराष्ट्रातलं विलीनीकरण टळलं, संघप्रदेश राहिला. त्यामुळे भाऊसाहेब मुख्यमंत्री, समोर जॅक सिक्वेरांचा विरोधी पक्ष, भरलेली विधानसभा, पण राष्ट्रपतीच्या निवडणुकीत या सगळ्यांची किंमत शून्य. मत फक्त लोकसभेतल्या दोघांना, पणजीचे जनार्दन शिंक्रे आणि मुरगावचे इरॅज्मो सिक्वेरा. आजोबांचा 'बस्स' मला फार आवडला. त्या 'बस्स'मध्ये कौलाचा राग आहे की नुसती नोंद आहे, कोण जाणे. विलीनीकरण झालं असतं तर डिचोलीचा आमदार मुंबईच्या विधानभवनात जाऊन मत देऊ शकला असता, हा विचार दुकानात बसून त्यांच्या मनात आलाच असणार.

३० मे १९८७ला राज्य झालो तेव्हा हा प्रश्न सुटला. आता आपल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य २०. १९७१च्या जनगणनेतली लोकसंख्या भागिले ४०, भागिले हजार. चाळीसही आमदार मिळून ८००. उत्तर प्रदेशच्या एका आमदाराचं २०८ असतं, म्हणजे त्यांचे चार आले की आपली अख्खी विधानसभा झाकली.

आणि पक्षादेशाबद्दल. मत गुप्त असतं आणि राष्ट्रपती निवडणुकीत व्हिप काढताच येत नाही. त्यामुळे आजही 'आमचे किती फुटले' हे पक्षांना मोजणीनंतर बोटं मोडत काढावं लागतं.

घाईतला पणजीकार:

व्हिप नसेलच तर बाईंनी गुन्हा काय केला? मनाला विचारून मत द्या म्हणणं हा गुन्हा?

जुना म्हापसेकर:

अर्जावर सही केली नसती तर काहीच नाही. मी त्या वेळी गिरींच्या बाजूचा होतो बरं का. सतरा वर्षांच्या पोराला बँका ताब्यात घेणारी बाई आवडणारच. पण ती सही मला अजून पचत नाही.

बांद्याचा शेजारी:

सीमेपलीकडून दोन शब्द. गोवेकर मंडळी देशमुखांवरून फार भरभर पुढे गेली.

चिंतामणराव म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायच्या निर्णयावर १९५६ला मंत्रिपद सोडून बाहेर पडले. आणि सिंडिकेटमधले स. का. पाटील आमच्या सावंतवाडी मुलखातले, पण मुंबई महाराष्ट्राला द्यायला कडवा विरोध करणारे. तेरा वर्षांनी काय वेळ आली बघा, पाटलांच्या उमेदवाराला तगायला देशमुखांच्या चिठ्ठ्यांवरचा दोनाचा आकडा हवा! माझे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले. ही गोष्ट सांगताना ते कधी हसायचे, कधी नुसते पान लावत बसायचे.

तिसरा मराठी माणूस यशवंतराव चव्हाण. बंगळूरच्या बैठकीत त्यांनी रेड्डींना कौल दिला आणि पक्ष फुटला तेव्हा राहिले इंदिराबाईंबरोबर. आमच्याकडे यावर आजही दोन तट पडतात. मी कुंपणावर बसतो, कारण सासुरवाडी कराडची.

डिचोलीची नात:

सगळ्यांना देव बरें करूं. काका, तुमचा श्रावणाचा अंदाज बरोबर. तुमचं उत्तर आजीला वाचून दाखवलं, आकडे संपेपर्यंत ती डुलकी काढत होती, 'श्रावण' म्हटल्यावर डोळे उघडले आणि बोलायला लागली.

दुसरा माणूस म्हणजे शेजारचे शिंपी, आमच्या बाबांचे शर्ट शिवायचे ते. तेही काँग्रेसचे, पण गिरींच्या बाजूचे. पैज लागली एका अख्ख्या इसवणाची. आजोबा हरले. श्रावण म्हणून चतुर्थीपर्यंत थांबायचं ठरलं. चतुर्थी झाली, शिंपीकाका मागायला आले, तर आजोबांनी नवीनच काढलं, की निवडणुकीवर सुप्रीम कोर्टात अर्ज पडलाय, निकाल लागेपर्यंत इसवण देणे नाही! मग तो अबोला. शिंपीकाकांनी बाबांचा शाळेचा शर्ट अर्धा शिवलेला तसाच परत पाठवला, एका बाहीचा. आजीने दुसरी बाही हातानं घातली.

तुमचं वाचून चोपडी पुन्हा चाळली. १२ नोव्हेंबर १९६९ला फक्त: "बाईंस पक्षातून काढले. आता आम्ही कोण?" पुढे एक ओळ कोरी. त्या चोपडीत कोरी ओळ दुसरी कुठेही नाही, त्यांना कागद फुकट गेलेला चालायचा नाही.

जुना म्हापसेकर:

कोर्टाचं खरं आहे. रेड्डींच्या विरोधात एक निनावी पत्रक खासदारांत वाटलं गेलं होतं, त्यावरून आणि दबावाच्या आरोपांवरून अर्ज होते. गिरी पदावर असताना स्वतः कोर्टात साक्षीला गेले. १९७०ला अर्ज फेटाळले. मग आजोबांना पळवाट उरली नसणार. ७०ची चोपडी आहे का?

डिचोलीची नात:

आहे. तारखेच्या जागी कसरीनं भोक पाडलंय, पण ओळ वाचता येते: "कोर्टाने गिरी कायम केले. इसवण दिला. १."

आजी म्हणते, मासा सकाळी पाठवला आणि दुपारी शिंपीणकाकूंनी अर्ध्याचं हुमण, म्हणजे माशाचं कालवण, करून टोपासकट परत पाठवलं. डोक्याकडची बाजू आमच्याकडे आली. आजोबा म्हणाले, बघ, डोकं अजून आमच्याच काँग्रेसकडे आहे.

हुमणात तेफळं जास्त झाली होती, हे आजीला अजून आठवतं.