टॉपल: फायटरनं महाकाय राक्षसाला आडवं पाडावं का?

कुऱ्हाडवाला
रविवारच्या डी अँड डीत (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा पात्रांचा खेळ) जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही. 2024 च्या प्लेयर्स हँडबुकमधली, म्हणजे नियमपुस्तकातली, टॉपल मास्टरी (शस्त्राची खास करामत) अशी आहे: बॅटलअॅक्स, मॉल, क्वार्टरस्टाफ, ट्रायडेंट किंवा लान्सचा वार लागला की समोरच्यानं कॉन्स्टिट्युशन सेव्ह करायचा, म्हणजे काटकपणाच्या जोरावर वाचायला फासा टाकायचा, हुकला तर तो प्रोन, म्हणजे आडवा. आकाराची अट कुठेही नाही. पुश मास्टरीत मात्र लार्ज आकारापर्यंतच्यालाच ढकलता येतं असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे टॉपलमध्ये अट घालायची राहून गेली असं म्हणायला जागा नाही.

समोर हिल जायंट, लार्जपेक्षाही मोठा राक्षस. माझा फायटर, म्हणजे शस्त्रानं लढणारं पात्र, पाचव्या लेव्हलचा, डीसी (वाचायला गाठायचा आकडा) 15. जायंटच्या फाशावर 7 पडले, अधिक 4, झाले 11. मी नऊ चौकोन अडवून बसलेलं ते मिनिएचर आडवं ठेवलं. डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, ते उचलून परत उभं केलं. "अरे, तुझी कुऱ्हाड त्याच्या कमरेला पोचत नाही, तो पडेल कसा?"

दोनच राउंड आधी आमच्या विझार्डनं, म्हणजे जादूगारानं, पहिल्या लेव्हलचा ग्रीस हा जमीन निसरडी करणारा मंत्र टाकला होता. हाच जायंट त्यावरून घसरून पडला, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. मंत्र म्हटला की सगळं चालतं आणि हातात शस्त्र घेतलेल्यालाच वजनमापं दाखवायची, हा अन्याय आहे.

पडद्यामागचा
मी तुमचा डीएम नाही, पण सहा वर्षं टेबल चालवतोय आणि मला त्याचं पटतं. आकाराला काही किंमत हवी की नको? 2014 च्या नियमांत शव्ह करायचा, म्हणजे धक्का देऊन पाडायचं, तर समोरचा तुमच्यापेक्षा एकाच साइजनं मोठा चालायचा. बॅटल मास्टर या फायटरच्या प्रकाराचा ट्रिप अटॅक हा पाडायचा डाव लार्जपर्यंत. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतही फार मोठ्याला पाडायचं तर टायटन रेसलर हा फीट (निवडून घ्यायचं खास कौशल्य) घ्यावा लागतो, म्हणजे त्यासाठी काहीतरी खर्च करावं लागतं.

ग्रीसला स्पेल स्लॉट, म्हणजे मोजक्या मंत्रांपैकी एक, जातो. टॉपल फुकट, प्रत्येक वाराला. तुझे एका पाळीतले दोन्ही वार लागले तर तो जायंट चारांत तीनदा आडवा होणार. उठायला त्याचा अर्धा वेग जाणार आणि तोवर जवळचे सगळे त्याच्यावर अॅडव्हांटेजनं, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घेत, तुटून पडणार. असा राक्षस मी टेबलावर आणला तर घाबरणार कोण?

लाल माती
माझे आजोबा तालमीत वस्ताद होते, म्हणून राहवत नाही. टांग मारायला ताकद लागते तेवढीच वेळ साधावी लागते. समोरच्याचा एक पाय हलका झाला की त्या क्षणी हात घालायचा. आजोबा पोरांना सांगायचे, जड गड्याला उचलायला जाऊ नका, तो जिकडे कलतोय तिकडेच त्याला जाऊ द्या. त्याचं वजन मग तुमचं काम करतं. सोटा डोक्यावर उगारलेला जायंट सगळा भार एका पायावर टाकून वाकलेला असतो. त्या पायाच्या शिरेवर कुऱ्हाड बसली तर तो कोसळणारच, आणि आकारामुळे जास्त जोरात कोसळेल.

तिरंदाज
माझी तक्रार वेगळीच आहे. राक्षस आडवा झाला की माझ्या लांबून मारलेल्या प्रत्येक बाणाला डिसअॅडव्हांटेज, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा. आधी विचारत जा रे, एवढंच म्हणणं आहे.

पडद्यामागचा
@लाल माती, दोन पायांच्या जायंटला हे चालेल. पर्पल वर्म या राक्षसी अळीचं काय? त्याला पायच नाहीत. तो जमिनीवर पडलेलाच असतो.

कुऱ्हाडवाला
@तिरंदाज, हे मान्य. पुढच्या वेळी तुझे बाण सुटेपर्यंत थांबेन.

@पडद्यामागचा, ज्याला पाडता येत नाही त्याच्या स्टॅट ब्लॉकमध्ये, म्हणजे माहितीच्या तक्त्यात, तसं लिहिलेलं असतं. जिलेटिनस क्यूब या जेलीच्या ठोकळ्याला प्रोन लागूच होत नाही. हिल जायंटच्या ब्लॉकमध्ये असं काही नाही.

आणि मोठ्या ड्रॅगनकडे लेजंडरी रेझिस्टन्स असतोच की. हुकलेला सेव्ह तो जिंकून घेतो, पण दिवसात मोजक्याच वेळा. तो उडत असताना माझा वार लागला तर त्याला ठरवावं लागतं: खाली आपटायचं की त्यातला एक खर्च करायचा. आजवर हे रेझिस्टन्स संपवायचं काम बहुतेक जादूवाल्यांचंच होतं. आता माझी कुऱ्हाडही त्यातला एक काढून घेऊ शकते, आणि ते संपले की मग विझार्डचा होल्ड मॉन्स्टर हा खिळवून ठेवणारा मंत्र लागू शकतो. फायटर खेळताना इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपण नुसते शत्रूचे हिट पॉइंट (जीव मोजायचे आकडे) कमी करत उभे नाही.

पडद्यामागचा
रेझिस्टन्सचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. ड्रॅगनपुरतं मागे घेतो. वर्मबद्दल अजून पटलेलं नाही, माझ्या टेबलावर तो पडणार नाही, आणि हे मी खेळ सुरू व्हायच्या आधी सांगेन. मिनिएचर आडवं झाल्यावर उचलून उभं करणं चूकच.

लाल माती
वर्मला उलथं पाडता येतं की! पोट वर आलं की झालं चितपट.