मदत हवी आहे: टीकिंटरची पॉप-अप खिडकी बंद झाली की आतली रक्कम हाती लागत नाही

नमस्कार मंडळी. बाबांच्या किराणा दुकानाची उधारीची वही पायथन आणि टीकिंटरमध्ये (पायथनची खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) करतोय. 'जमा' बटण दाबलं की रक्कम विचारणारी छोटी खिडकी उघडते. रकमेसोबत रोख की यूपीआय हेही विचारायचं असल्याने एकच उत्तर घेणारा तयार सिंपलडायलॉग पुरला नाही, म्हणून टॉपलेव्हल (आपण स्वतः रचायची वेगळी खिडकी) घेतलं.

आधी ही खिडकी मुख्य खिडकीमागे लपायची, बाबा पुन्हा बटण दाबायचे. एका गिऱ्हाइकाचे ५०० रुपये दोनदा जमा झाले. ट्रान्झियंट (छोटी खिडकी मुख्य खिडकीच्या वर ठेवणारं) आणि ग्रॅब-सेट (ती बंद होईपर्यंत मागची बटणं अडवणारं) लावल्यावर ते थांबलं.

आता अडलंय ते असं: वेट-विंडोच्या (खिडकी बंद होईपर्यंत थांबणारी ओळ) पुढच्याच ओळीत एंट्रीतून, म्हणजे रक्कम टाइप करायच्या चौकटीतून, रक्कम वाचायला गेलो की 'इनव्हॅलिड कमांड नेम' अशी एरर येते. खिडकीबरोबर एंट्रीही नष्ट होते, एवढं कळलंय. मग 'ठीक' बटणाच्या फंक्शनमध्येच, डिस्ट्रॉयने खिडकी बंद करण्याआधी, रक्कम क्लासच्या व्हेरिएबलमध्ये ठेवू, की स्ट्रिंगव्हार (चौकटीतला मजकूर धरून ठेवणारं टीकिंटरचं व्हेरिएबल) वापरू? आणि वरच्या फुलीने खिडकी बंद केली तर 'रद्द' कसं ओळखायचं? तिथे शून्य धरलं तर वहीत खोटी नोंद पडेल, ते अजिबात नको.

दुकानात उबंटू आहे. कोणी असं केलं असेल तर चार ओळींचा नमुना द्या, फार उपकार होतील.