घरच्यांच्या मेसेजमधल्या चुका सांगाव्यात की गप्प बसावं?

काकपद:

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा घरगुती आणि थोडा भाषेचा आहे, नक्की कुठे विचारावा कळेना म्हणून इथेच विचारतेय.

माझं काम मुद्रितशोधनाचं. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची प्रुफं तपासायची, वेलांट्या फिरवायच्या, सुटलेले शब्द आत बसवायचे. त्याचे पैसे मिळतात आणि वर लोक थँक्यू पण म्हणतात. तेच घरी केलं की मी खडूस. मागच्या आठवड्यात सासूसासऱ्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला नणंदेने फॅमिली ग्रुपवर मोठा मेसेज टाकला, छान होता, मनापासून लिहिलेला होता, पण पहिल्याच ओळीत "हार्दीक", मग "आशिर्वाद" आणि शेवटी "दिर्घायुष्य". मी खाली तीन चांदण्या टाकून तीन बरोबर शब्द लिहिले, बाकी एक अक्षर नाही, स्माइलीसुद्धा टाकली. तेव्हापासून ती ग्रुपवर गप्प आहे आणि नवरा म्हणतोय की सॉरी म्हणून टाक. मला खरंच कळत नाहीये की यात अपमान कुठे झाला. कोणाच्या दातात काही अडकलं असेल तर आपण सांगतोच ना?

आता विषय निघालाच आहे तर माझ्या डोक्यात जाणाऱ्या गोष्टी पण सांगून टाकते. "कि" आणि "आणी" तर आहेतच. "मी तिला बोलले की उद्या ये", अरे म्हणाले म्हणा, सांगितलं म्हणा! "माझी मदत कर" हा आणखी एक. "दुसर्या", "सगळ्यात मोठ्ठा" वगैरे. पण सगळ्यात वरचा नंबर आमच्या सासऱ्यांच्या मेसेजचा. ते विरामचिन्ह नावाची गोष्ट वापरतच नाहीत. सासूबाईंना तपासणीला नेलं होतं तेव्हा त्यांनी पाठवलेला मेसेज जसाच्या तसा देते: "डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले काही नाही म्हणाले काळजी करण्यासारखं आहे का विचारलं तर हसले उद्या परत बोलावलंय". आता यात काळजी करायची की नाही? नवऱ्याने फोन लावला तर बाबा म्हणतात लिहिलंय की सगळं स्वच्छ.

आणि तिसरी काळजी लेकीची. ती यंदा आठवीत आहे, निबंध लिहिते तो सुद्धा चॅटसारखा, पान पान भरून एकच वाक्य. मी तपासायला घेतलं की वही ओढून घेते. तर तुम्ही घरात काय करता? चुका सांगता का?

---

मधली_सून:

दातात अडकलेलं आपण हळूच कानात सांगतो गं, माइकवरून नाही. ग्रुपवर किती माणसं आहेत? त्या सगळ्यांसमोर तिच्या मेसेजखाली तीन चांदण्या लागल्या. शब्द बरोबर होते का चूक हा मुद्दाच नाहीये.

माझ्या आईचं सांगते. आई फार शिकलेली नाही. आम्ही सगळे लांब राहायला गेल्यावर हट्टाने फोनवर मराठी टाइप करायला शिकली, एकेक अक्षर शोधत, दोन ओळींच्या मेसेजला अर्धा तास लागायचा. पण काय मस्त लिहायची! शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली, बाबा आज स्वतःहून फिरायला गेले, असलं सगळं बारीकसारीक. मग एकदा भावाने तिचा एक मेसेज हसायचे इमोजी लावून चुलतभावंडांच्या ग्रुपवर टाकला, त्यात तिने काहीतरी भलताच शब्द लिहिला होता, आणि ते फिरत फिरत तिच्याकडे आलं. ती भांडली नाही काही नाही. फक्त त्यानंतर लिहायची बंद झाली. आता अंगठा येतो, फुलं येतात, दिवा येतो. आम्ही कितीदा म्हटलं की लिही ना गं, तर म्हणते फोनच करते त्यापेक्षा. फोनवर मांजरीची पिल्लं येत नाहीत, फोनवर तब्येत आणि पाऊस एवढंच होतं.

त्यामुळे माझ्याकडून घरच्यांना शंभर चुका माफ. तू नणंदेला फोन कर, सॉरी वगैरे राहू दे, मेसेजात तिने काय लिहिलं होतं त्यावर बोल.

---

फुलस्टॉप_नको:

काकूंचे सासरे माझे फेवरेट 😂

पण उलटा प्रॉब्लेमही असतो हां. माझी आई प्रत्येक मेसेजच्या शेवटी पूर्णविराम देते. "ठीक आहे." "बरं." "ये." मी आणि ताई लगेच एकमेकींना विचारतो की काय झालं, कोणी काय केलं, चिडलीये का. ती चिडलेली नसते, तिला शाळेत वाक्य संपवायला शिकवलंय एवढंच. आणि हे फक्त आमच्या डोक्यातलं नाहीये, २०१५ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या लोकांनी १२६ विद्यार्थ्यांवर हे तपासलं होतं. एका शब्दाचं उत्तर, एकदा टिंब देऊन आणि एकदा न देता. मेसेज म्हणून दाखवलं तेव्हा टिंबवालं उत्तर कमी मनापासूनचं वाटलं, आणि तेच हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं तर काहीच फरक नाही. म्हणजे चॅटमध्ये टिंब हे चिन्ह कमी आणि चेहरा जास्त आहे. त्यामुळे लेकीला चॅटमध्ये टिंब द्यायला लावू नका प्लीज, निबंधात लावा.

अजून एक सांगते, राग मानू नका. २०१६ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या दोघींनी ८३ जणांना काही ईमेल वाचायला दिले, घरात राहायला जोडीदार हवाय या जाहिरातीला आलेली उत्तरं अशी कल्पना होती, काहींमध्ये टायपिंगच्या चुका, काहींमध्ये व्याकरणाच्या. ज्यांचा स्वभाव जुळवून घेणारा नव्हता त्यांना व्याकरणाच्या चुका जास्त खुपल्या. मी फक्त सांगतेय 🙈

---

काकपद:

@फुलस्टॉप_नको, अगं राग कसला, हे नवऱ्याला वाचून दाखवणार नाही एवढंच. पण मग पूर्ण सांग ना, त्याच अभ्यासात चुका असलेल्या ईमेलवाल्यांना एकूण सगळ्यांनीच कमी मार्क दिले होते. म्हणजे माणसं बोलत नाहीत पण मनात नोंद करतात. मी निदान तोंडावर सांगते.

@मधली_सून, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण हसणं आणि दुरुस्त करणं एक नाही, मी हसले नव्हते. फोन करेन.

---

जुना_खिळा:

मी छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केलेला माणूस आहे आता वय झालं पण शुद्धलेखनाचा विषय निघाला की हात शिवशिवतात. काकपदताई तुमची बाजू मला कळते पण एक गंमत सांगतो. मी शाळेत गेलो तेव्हा "नांव", "कांहीं", "नाहीं" असं लिहायचं, अनुस्वार विसरला की गुरुजी मार्क कापायचे. मग १९६२ साली साहित्य महामंडळाचे १४ नियम आले, १९७२ मध्ये त्यात आणखी ४ घातले, असे १८ झाले, आणि उच्चारात न येणारे ते सगळे अनुस्वार गेले. म्हणजे जे न लिहिल्याबद्दल मी मार खाल्ला तेच लिहिल्याबद्दल पुढे माझ्या धाकट्या भावाने मार खाल्ला. आजही माझ्या हातून "नांव" येतं आणि नातू म्हणतो आजोबा चूक. मी म्हणतो चूक नाही रे जुनं आहे.

त्याही मागे जा. माझ्या आजोबांची पत्रं मोडी लिपीत आहेत, मोडीत इकार उकाराचा ऱ्हस्व दीर्घ पाळतच नसत, एकच वेलांटी एकच उकार, आणि शब्दांमध्ये जागा पण सोडत नसत. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी तर इंग्रजी अमदानीत आली, मराठीत ती रुळवण्याचं श्रेय मेजर कँडी या गोऱ्या साहेबाला देतात, एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. त्याआधीही लोक जमिनीचे, लग्नाचे, कर्जाचे कागद लिहीतच होते आणि समोरच्याला कळतच होते.

तरी पण तुमच्या सासऱ्यांना मी सोडणार नाही. वेलांटी चुकली तर अर्थ बहुतेक वेळा कळतो, पूर्णविराम चुकला तर माणूस रात्रभर जागा राहतो. घरात सांगायचंच असेल तर हे सांगा. "दिर्घायुष्य" ऱ्हस्व दि लिहून दिलं तरी तेवढंच लाभतं.

---

येऊन_राहिलो:

जुना_खिळा 👌

मला "मी तिला बोलले"वर बोलायचं आहे. ताई छापायच्या मजकुरात तुम्ही बदला, हक्क आहे तुमचा. पण घरात? आमच्या घरी तीन बोली आहेत, आई एक बोलते, बाबा दुसरी, बायको तिसरी, आणि प्रत्येकाला उरलेल्या दोघांचं चुकीचं वाटतं. लग्न झाल्यावर पहिलं वर्षभर बायको माझं "येऊन राहिलो" सुधारायची आणि मी मुद्दाम जास्त म्हणायचो. जोक म्हणून ठीक आहे पण माझी आई तिच्यासमोर कमी बोलायला लागली होती, हे आमच्या उशिरा लक्षात आलं. पुस्तकी भाषा ही पण एका भागातल्या काही लोकांचीच बोली होती, ती छापली गेली म्हणून प्रमाण झाली. त्यामुळे "कि" चूक आहे हे मान्य, पण "बोलले"ला त्याच ढिगात टाकू नका.

---

फळा_डस्टर:

मी मराठी शिकवते त्यामुळे फक्त लेकीच्या निबंधावर लिहिते, नणंद तुमची तुम्ही बघा.

एक, वही तपासताना सगळ्या चुका एकदम दाखवू नका. लाल झालेलं पान मूल वाचत नाही, फक्त मोजतं. आणि घाबरलेलं मूल काय करतं माहितेय? ज्या शब्दाची वेलांटी नक्की माहीत नाही तो शब्दच टाळतं. मग सगळ्या निबंधांत "खूप छान वाटले" आणि "खूप मजा आली". शुद्धलेखनाच्या वह्या चकाचक आणि लिहिलेलं सगळं बेचव. मला खरं सांगायचं तर चुका असलेला पण काहीतरी पाहिलेला निबंध दहापट आवडतो, मी मार्कही तसेच देते, सगळे देत नाहीत हे पण खरं.

एका वेळी एकच गोष्ट घ्या. तुमच्या मुलीला आधी वाक्य तोडायला शिकवा, नियम नका सांगू, तिला मोठ्याने वाचायला लावा. तुम्ही वाचू नका, तिने वाचायचं. दम लागला की तिचं तिलाच कळतं कुठे थांबायचं होतं, तिथे पेन्सिलने रेघ मारायची. पान पान भरून एकच वाक्य लिहिणाऱ्या मुलांना सांगण्यासारखं खूप असतं बहुतेक वेळा, न लिहिणाऱ्यांपेक्षा ही अडचण बरी.

वेलांट्या नंतर. त्यातही दोन नियमांत बरंच काम होतं. शब्दाच्या शेवटी इकार उकार आला की तो दीर्घ, अपवाद "आणि", "नि" आणि "परंतु", "तथापि" यांसारखे संस्कृतातून आलेले. दुसरा, शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा दीर्घ, पण पुढे प्रत्यय लागून शब्द वाढला की तो ऱ्हस्व होतो, म्हणजे गरीब पण गरिबाला, बहीण पण बहिणीला, चूक पण चुका. इथेही "गुण", "मंदिर" असे संस्कृत शब्द वेगळे वागतात, पण ते वाचून वाचून बसतात डोक्यात. बाकीचे सोळा तिला मोठी झाल्यावर मुद्रितशोधक व्हायचं असेल तर.

आणि "दुसर्या"वर चिडू नका हो, ती बहुतेकदा कीबोर्डची कृपा असते. र ला य जोडला की फोन आपोआप रफार चढवतो, तो अर्धा ऱ वेगळा असतो, टिंबवाला, तो शोधून मग य जोडावा लागतो. निम्म्या लोकांना तो आहे हेच माहीत नसतं.

---

काकपद:

मोठ्याने वाचायचं आजच करून बघितलं. पहिल्या पानावर लेक मध्येच थांबली आणि म्हणाली आई यात कोण कोणाला म्हणतंय तेच कळत नाहीये. मी काही बोलले नाही (हो, "बोलले", इथे चालतं 😄). सहा ठिकाणी तिनेच रेघा मारल्या. वेलांट्यांकडे मी बघितलं नाही असं म्हणणार नाही, बघितलं, पण पेन पर्समध्ये होतं.

@येऊन_राहिलो, "बोलले"वर मी अजून विचार करतेय, "माझी मदत कर" मात्र सोडणार नाही.

नणंदेला फोन केला. चांदण्यांचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. तिच्या मेसेजात एक ओळ होती, लहानपणी दिवे गेले की बाबा सगळ्यांना भुताच्या गोष्टी सांगायचे आणि शेवटी स्वतःच घाबरायचे, त्याबद्दल विचारलं तर अर्धा तास बोलत होती. ग्रुपवर अजून तरी काही टाकलेलं नाही.

बाबांच्या मेसेजचं काय करू तेवढं सांगा.

---

मधली_सून:

बाबांना व्हॉइस मेसेज पाठवायला शिकव. आमच्या सासऱ्यांना शिकवलंय. फक्त मग सात सात मिनिटांचे येतात, त्याची तयारी ठेव.

---

फुलस्टॉप_नको:

आणि त्यात पहिली दोन मिनिटं "हॅलो, चालू झालं का हे?" 😂