अतिदक्षता विभागातील संशोधनाचे प्रश्न कोणी ठरवायचे?

रुग्ण बेशुद्ध आणि नातेवाईक भेदरलेले असताना त्यांना संशोधनाचे विषय काय विचारणार, ते तज्ज्ञांनीच ठरवावेत, असे वर एका सदस्याने लिहिले आहे. खाटेवरच्या रुग्णाला विचारता येत नाही हे खरेच. पण विचारायचे असते ते बरे होऊन घरी गेलेल्याला. व्हेंटिलेटर निघाला, रक्तदाब स्थिरावला, की आपल्या नोंदींत उपचार यशस्वी ठरतात. त्याला मात्र जिना चढवत नाही, ओळखीची नावे आठवत नाहीत आणि भ्रमावस्थेत दिसलेली भीषण दृश्ये महिनोन्‌महिने झोपू देत नाहीत.

ब्रिटनमध्ये २००४ साली स्थापन झालेल्या जेम्स लिंड अलायन्स या, संशोधनाचे प्रश्न ठरवण्यासाठीच्या उपक्रमाची पद्धत मला पटते. रुग्ण, कुटुंबीय आणि कर्मचारी यांच्याकडून प्रश्न मागवायचे, ज्यांची उत्तरे आधीच उपलब्ध आहेत ते गाळायचे आणि उरलेल्यांतले पहिले दहा सर्वांनी एकत्र बसून ठरवायचे. अतिदक्षतेसाठीची अशी यादी तिथे २०१४ मध्ये प्रसिद्धही झाली.

मला खरी काळजी वाटते ती त्या बैठकीची. वरिष्ठ डॉक्टरांनी आधी मत मांडले, की नळ्या उपसू पाहणाऱ्या रुग्णाला रात्रभर सांभाळणारी परिचारिका बहुधा गप्पच राहते. म्हणून छोटे मिश्र गट आणि चर्चा चालवणारी तटस्थ व्यक्ती हवीच. शिवाय ज्यांचा माणूस तिथून परत आला नाही, अशा कुटुंबांनाही पुरेसा काळ जाऊ देऊन, हळुवारपणे विचारले पाहिजे, कारण अखेरच्या दिवसांतल्या संवादाविषयीचे प्रश्न त्यांच्याकडूनच येतील.